चाकं मी घेणार

३ एप्रिल

नमस्कार.

वर नुसतं नमस्कार लिहिलंय, कारण पुढे काय लिहावं ते सुचेना. आपल्या नात्याला एक शब्द आहे, पण तो पत्राच्या माथ्यावर शोभणारा नाही. शिवाय तो लागूही पडत नाही. तुम्ही बारकीच्या बाबांशी लग्न केलंत तेव्हा आमचं मोडून बराच काळ झाला होता. म्हणजे तुमच्यावर राग धरायला माझ्याकडे रीतसर कारणसुद्धा नाही.

मुद्द्यावर येते. बारकी रविवारी तुमच्याकडून परतली ती तोंड पाडून. सायकलचं मागचं चाक गेलं म्हणाली. मी म्हटलं, पंक्चर असेल. "पंक्चर नाही गं आई, रिम गेलीय," म्हणाली आणि मला हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेली. ब्रेक घासून घासून रिमची कड आत गेलीय, वाटीसारखी, आणि जिथे स्पोक बसतो तिथे केसाएवढी चीर. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. केसाएवढी चीर म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको.

"आता यावर बसायचं नाही असं मावशीने सांगितलंय. ती बघतेय नवीन चाकं."

मावशी. हे कधीपासून सुरू झालं ते मला माहीत नाही. मावशी म्हणजे आईची बहीण. मी एकुलती एक आहे. तुम्हाला मावशी व्हायचं असेल तर माझ्या माहेरी जन्म घ्यावा लागेल, आणि आता त्याला उशीर झाला.

ऐका. सायकल तुम्ही दिलीत, तुमची स्वतःची जुनी, आणि चांगली दिलीत. हेल्मेट तुम्ही दिलंत. सुट्टीत पहाटे हाक मारून उठवता तुम्ही, आणि ती उठते म्हणे. माझ्याकडे तिला उठवायला पांघरूण ओढावं लागतं. तेव्हा चाकं मी घेणार. तुम्ही बघू नका. वीस मेच्या शर्यतीत तुम्ही दोघी उतरणार आहात असं कळलं, त्याच्या आत घेते.

फक्त काय बघून घ्यायची असतात तेवढं लिहून पाठवा. तिला विचारलं असतं, पण मला तिला अचानक द्यायची आहेत. खिशाला झेपतील अशीच सांगा. माझं दुकान लहान आहे.

बारकीची आई


१४ एप्रिल

नमस्कार.

पत्र मिळालं. एवढं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. एखादी तरी चूक सापडेल म्हणून दोनदा वाचलं. चाकाच्या मधल्या हबचं चित्रसुद्धा काढलंत, तेही स्वच्छ.

मला समजलं ते असं. आपली सायकल रिमवर ब्रेक लागणारी, म्हणून डिस्कच्या चाकांकडे बघायचंही नाही. रिम फार रुंद घेतली तर ब्रेकमध्ये मावणार नाही. मागचा गिअरचा गठ्ठा नव्या हबवर बसतो का ते विचारायचं. आणि वजनाच्या नादी लागायचं नाही, साधी अ‍ॅल्युमिनियमची, भरपूर स्पोकची चाकं घ्यायची, म्हणजे एखादा स्पोक तुटला तरी पोरगी घरी पोचते. हे सगळं पटण्यासारखं आहे. पटलं म्हणूनच चिडचिड झाली.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "तुम्ही तिच्यासाठी हे करताय याचा मला फार आनंद वाटतो." तुम्हाला आनंद वाटायचं काय कारण? मी माझ्या मुलीसाठी करतेय. दुसऱ्याच्या मुलीसाठी करणाऱ्याचं कौतुक करावं.

आमच्या गावात सायकलचं दुकान आहे, पण तिथे पुढे टोपली असलेल्या सायकली मिळतात. म्हणून गुरुवारी दुकान बंद ठेवून तुमच्या गावी आले. तुमच्या पत्रातल्याच सायकलवाल्याकडे. मोडकं चाक जुन्या चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतलं. कंडक्टरने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "चाक." तो म्हणाला, "एक चाक घेऊन बसने निघालात, दुसरं मिळालं असतं तर तशाच गेला असता." सगळी बस हसली. मीही हसले.

दुकानात चादर सोडली तर सायकलवाला लगेच म्हणाला, "हे चाक मी ओळखतो. त्या उंच पोरीचं. वाकडं फिरायचं, याचा आउट मीच काढलाय."

मला बरं वाटलं. आपल्या मुलीला कोणी ओळखलं की वाटतंच.

मग तो म्हणाला, "तिची आई येते ना नेहमी बरोबर. चाक हातात धरून फिरवून बघते, कान लावून ऐकते, मगच हलते. पोरीवर भारी जीव बाईचा. आज नाही आल्या? तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी तिची मावशी."

का म्हटलं ते विचारू नका. तोंडातून निघून गेलं. त्याने मला स्टूल दिलं, चहा सांगितला. आकड्याला टांगलेली एक जोडी काढून दाखवली. चंदेरी, साधी, दिसायला अगदी गरीब. "या मापात यापेक्षा टिकाऊ काही नाही," म्हणाला. तुम्ही जी लिहिली होती ती हीच. तुम्ही गेला असता तर हीच घेतली असती. मी हात लावून पाहिला आणि म्हटलं, विचार करून सांगते.

तुमची गल्ली तिथून दोन वळणांवर. मी आले नाही. म्हणजे कोपऱ्यापर्यंत आले. तुमच्या बाल्कनीत दोघींचे सायकलचे कपडे एकाच दोरीवर वाळत होते. कुठले कोणाचे ते मला खालून ओळखता आलं नाही.

बारकीची आई


२ मे

नमस्कार.

सायकलचा फोटो तुमच्यापर्यंत पोचला असेलच. बारकीने तो जगाला पाठवलाय.

मी तुमच्या यादीतली चाकं घेतली नाहीत. गेल्या वर्षी एकदा बारकी माझ्या शेजारी बसून कुठलीशी शर्यत बघत होती. त्यातल्या सायकलींची चाकं काळी, उंच रिमची, चकचकीत. ती म्हणाली, "आई, ही कार्बनची. चालताना आवाज येतो बघ यांचा, हवा कापल्यासारखा." ती हे मला म्हणाली होती, तुम्हाला नाही. माझ्या बरोब्बर लक्षात राहिलं.

तर माझ्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने सायकल सोडून दिलीय. त्याची चाकं विकायची होती, वापरलेली, पण दिसायला नवी. नव्याच्या मानाने फारच स्वस्त दिली. रिमवर लागणाऱ्या ब्रेकची आहेत, रुंदी बसते, गिअरचा गठ्ठा बसतो. हे सगळं मी तुमच्या चित्रावर बोट ठेवून विचारून घेतलं, म्हणजे तुमचे कष्ट वाया गेले असं समजू नका. त्याने ब्रेकचे वेगळे रबरसुद्धा दिले.

मैत्रिणीकडून आली तेव्हा चाकं बसवून सायकल दारातच उभी केली होती. हातातली पिशवी खाली टाकली. मग माझ्या गळ्यात पडली. ती आता माझ्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे गळ्यात पडते म्हणजे माझं तोंड तिच्या खांद्यात जातं. बराच वेळ तशी होती. संध्याकाळी रस्त्यावर एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आवाज येतो गं. खरंच येतो."

जुनी दोन्ही चाकं मी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली. घरात अडगळ नको.

तुमची चिठ्ठी काल मिळाली. "वापरलेल्या कार्बनच्या रिम नीट बघून घ्याव्या लागतात, लांब उतारावर ब्रेकने तापतात, एकदा माझ्या डोळ्यांखालून घालू द्या." बघायचं तर तुम्ही बघालच, शुक्रवारी ती सायकल घेऊन तुमच्याकडे येतेय. पण एक सांगू? तुम्हाला लागलं. मला ते चिठ्ठीच्या अक्षरावरून कळलं. या वेळी चित्र नव्हतं.

बारकीची आई


२० मे

मी आज आले होते हे तुम्ही पाहिलंतच, तेव्हा नमस्काराची गरज नाही.

कोणालाही न सांगता आले. बारकीला बघायचं होतं, माझ्या चाकांवर. पहिल्या वळणापाशी माणसांत उभी राहिले. शिट्टी झाली आणि पोरींचा घोळका आला, आणि त्या सगळ्या काळ्या चाकांत मी माझी काळी चाकं शोधत होते. बारकी माझ्या हाताच्या अंतरावरून गेली. पाठीवरचा नंबर वाचला तेव्हा ओळखली. कारण मी तिच्याकडे बघतच नव्हते, चाकांकडे बघत होते, आणि तिची चाकं चंदेरी होती.

मला वाटलं डोळे फसवतायत. डोळ्यांचाच धंदा आहे माझा, पण वाटलं.

मग गाड्या लावतात तिकडे आले. तुम्ही फूटपाथवर बसला होता. शर्यतीचे कपडे अंगात, पाठीला नंबर. शेजारी तुमची सायकल भिंतीला टेकून, तिला पुढेही चाक नाही आणि मागेही नाही. पोरींबरोबरच बायकांचीही शर्यत सुटली होती आणि तुम्ही तिथे बसून पाणी पीत होता.

तुम्ही उठून उभ्या राहिलात. "या ना, बसा," म्हणालात. जसं काही तो तुमचा दिवाणखाना होता.

मी म्हटलं, "माझी चाकं कुठे आहेत?"

तुम्ही म्हणालात, "गाडीत आहेत. बारकी येऊ दे, मग बोलू."

मी बसले नाही. उन्हात उभी राहिले. ती नववी आली म्हणे. मला नववी काय आणि पहिली काय. घामाने निथळत आली, मला बघून थांबली. तिच्या चेहऱ्यावर आनंद यायच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं.

"आई, तू कधी आलीस?"

"माझी चाकं का नाही लावलीस?"

आणि उत्तर द्यायच्या आधी तिने तुमच्याकडे पाहिलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मुलीने तुमच्या तोंडावर शोधलं. तुम्ही मान हलवलीत, अगदी थोडी. मग ती मला म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

म्हणजे दोघींनी बसून ठरवलं होतं. आईला वाईट वाटेल. आईला सांगायला नको. शर्यत झाली की पुन्हा काळी चाकं चढवू आणि गावी पाठवू, आई खूश. किती वेळा असं झालंय? मी पाठवलेला स्वेटर ती तिथे घालते का? की तोही फक्त परतीच्या गाडीत चढतो अंगावर?

गाडीपाशी उभे असलेले तिचे बाबा म्हणाले, जेवून जा. चाकं काढून घेतली आणि बस स्टँडवर आले. बारकी मागे धावत आली होती, ते मी पाहिलं होतं. बसमध्ये चढले.

तुम्ही तुमची शर्यत सोडून तुमची चाकं तिला दिलीत. सगळे तुम्हाला थोर म्हणत असतील. मलाही तेच म्हणावं लागणार आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय.


२६ मे

नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मी ते लगेच फोडलं नाही. आधी दोन गिऱ्हाइकांचे चष्मे केले, मग फोडलं.

तुम्ही लिहिलंय की आधी नुसतं पाहिलं तेव्हा काही दिसलं नव्हतं, पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी उतारावर बारकीचा मागचा ब्रेक धक्के देत लागत होता, म्हणून तुम्ही रिमवरून बोट फिरवलंत आणि एका ठिकाणी फुगवटा लागला. आधीच्या मालकाच्या हातून कधीतरी तापून थर सुटले असावेत, असंही लिहिलंय. त्याच्या हातून, माझ्या नाही, असं तुम्ही मुद्दाम लिहिलंत ते कळलं.

मी चाक टेबलावर घेतलं. भिंग आणि दिवा काढला. दिसलं काहीच नाही. रंग तसाच, चमक तशीच. मग डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एका जागी रिम फुगली होती. गालात सुपारी धरल्यावर गाल फुगतो ना, तेवढीच. मी पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच. नंतर बराच वेळ मी अंगठा तिथून काढला नाही.

घेताना मी हे चाक दिव्याखाली धरून पाहिलं होतं. मापं तपासली, रंग तपासला. हात फिरवला नाही. ते बघून बारकीचा चेहरा कसा होईल एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि खरं सांगायचं तर, तुमचा.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले. तो उतार मी बसमधून पाहिलाय. खाली दगडी कठडा आहे.

आता माझं ऐका. तुम्ही मला सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. मला वाईट वाटलं असतं, मी तुम्हाला चार शब्द वाईट बोलले असते आणि तुम्ही ते ऐकून घेतले असतेत. माझं मन जपायचं काम मी तुम्हाला दिलेलं नाही. तिला तर मुळीच देऊ नका. तिच्या वयाला ते ओझं आहे. ती नुसती म्हणाली असती, "आई, चाक फुगलंय," तर मी धावत आले असते.

बारकी काल आली. आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो. तिने विचारलं, "तू मावशीवर चिडलीयस?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "चाकावरून?" मी म्हटलं, "नाही, तुझ्यावरून." तिला हे आवडलं असावं. हसू दाबत होती.

मग तिने सांगितलं की कॉलेज तुमच्याच गावात घेतेय. सोमवार ते शनिवार तिथे राहणार, रविवारी इथे. मला माहीतच होतं. इथे तिला हवा तो विषय शिकवणारं कॉलेजच नाही, मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मी म्हटलं, बरं. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, भांडी स्वच्छ होती तरी.

तिचा जीव वाचवलात त्याबद्दल वेगळी ओळ लिहायला हवी. ही ती ओळ.

बारकीची आई


१८ जून

नमस्कार.

उद्या बारकी सामान घेऊन निघेल. टेंपोत एक ट्रंक आहे, पुस्तकांची दोन खोकी, तिची सायकल आणि एक खोकं तुमच्या नावाचं. त्यात चाकं आहेत. ती तुमची आहेत.

तुमची चंदेरी चाकं बारकी परत द्यायला तयार नाही. मी रागावून पाहिलं. "मावशी दे म्हणालीच नाही," म्हणते. आणि तिच्याकडून कळलं की त्या दिवसापासून तुमची सायकल भिंतीलाच टेकून आहे. इतक्यात खर्च नको, पोरीची फी भरायचीय, असं तुम्ही म्हणालात. ते ऐकल्यावर मला झोप लागेना. माझ्या मुलीपायी तुम्ही पायी चालणार आणि मी ते चालवून घेणार, एवढे उपकार मला झेपत नाहीत.

म्हणून पुन्हा त्या सायकलवाल्याकडे गेले. जाताना फुगलेलं चाक नेलं होतं. त्याला म्हटलं, हे माझ्यासमोर करवतीने काप. भंगारात टाकलं तरी कोणीतरी उचलून पुसून विकेल आणि आणखी एखाद्या आईच्या हाती पडेल. त्याने कापलं. आतून ते पापुद्र्यांसारखं उकललं होतं. दोघेही बघत बसलो.

मग मी चाकं मागितली. त्याने दोन जोड्या काढल्या. एक हलकी, मोजक्या स्पोकची, दिसायला छान. दुसरी जड, स्पोक भरपूर, हब असा की छर्रे काढून धुवून पुन्हा बसवता येतात. माझ्या गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते की ज्या फ्रेमचा स्क्रू कुठल्याही दुकानात मिळतो ती घ्या. दुसरी घेतली. हातात धरून फिरवून पाहिली, कान लावून ऐकली, रिमवरून डोळे मिटून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी. सायकलवाला बघत होता. चालवणाऱ्याचं वजन किती म्हणाला. मी तुम्हाला समोरासमोर एकदाच पाहिलंय, तेही तुमच्यावर चिडलेली असताना. अंदाजाने सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं असेल. चाक भक्कम असावं म्हणून, असं समजा.

ही भेट नाही. तुमची चाकं गेली, त्या जागी ही आली. आभार मानू नका, मला त्रास होतो.

मी बदललेय असंही समजू नका. परवा बारकीने सामान भरताना तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने कपड्यांच्या गुंडाळ्या केल्या आणि मी त्या सगळ्या सोडून घड्या घातल्या. तिने पुन्हा गुंडाळ्या केल्या. मला अजून तुमचा हेवा वाटतो. उद्या टेंपो वळणाआड गेला की जास्त वाटेल. सकाळी तिची पहिली जांभई तुम्ही ऐकणार, कॉलेजातून आल्यावरचं पहिलं रडगाणं तुम्ही ऐकणार. माझ्या वाटणीला रविवारी धुवून पुसून आलेली मुलगी येणार.

म्हणून काही गोष्टी लिहून देते. तिला ताप आला की ती सांगत नाही, गडबड करते, घर आवरायला लागते. ती फार टापटीप दिसली की कपाळाला हात लावून बघा. परीक्षेच्या आधी जेवत नाही. जेव म्हणू नका, ताट वाढून शेजारी ठेवा आणि दुसरीकडे बघत आपलं काम करा, दहा मिनिटांत जेवते. कोणी तिच्याशी भांडलं की ती तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करते. तेव्हा काही विचारायचं नाही, पाठीवर हात ठेवायचा, मानेच्या खाली, जरा डावीकडे. ती आपोआप बोलायला लागते. ही जागा मला ती तान्ही असताना सापडली. तिच्या बाबांना ठाऊक नाही, मी कोणालाच सांगितली नव्हती.

तुम्हाला ती आधीच सापडली असेल, तर मला कळवू नका.

बारकीची आई